टिचक्याला उत्तर

गौरी-गणपती पाण्यात गेले, माणसं गाड्या भरभरून मुंबईला गेली, आणि घरात उरलो आम्ही तिघं: मी, अर्धा डबा करंज्या आणि खुंटीवरचा विळा. करंज्या सादळल्यात. मीही थोडी सादळलेय. विळा पहिल्यापासून वाकडाच, त्यामुळे त्याला काही झालेलं नाही.

हे पुढचे पंधरा-वीस दिवस वाडीत प्रत्येक घराला ठाऊक असतात, पण त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. परवापर्यंत चपलांना जागा नव्हती ती पायरी एकाएकी रुंद दिसायला लागते. हाताला पातेलंभर आमटीची सवय लागलेली असते, ती सुटेपर्यंत तीच आमटी तीन दिवस खायची. देवाच्या चौरंगाची जागा सारवून घेतली तरी पाय तिथून वळसा घालूनच जातो. संगमेश्वराहून वर येणारी एस्टी रिकामी येते, रिकामी जाते, आणि ड्रायव्हर उगाचच हॉर्न वाजवतो. त्यालाही करमत नसेल.

आणि नेमक्या याच दिवसांत, घरामागची चढण अर्धा तास चढून गेलं की, सडा फुललेला असतो.

सडा म्हणजे डोंगराला पडलेलं टक्कल. नुसता जांभा दगड, झाड नाही, सावली नाही. चैत्रात त्यावर अनवाणी चालून बघा, उखाणा न घेता नवऱ्याचं नाव घ्याल. पण भादवा सरता सरता त्याच टकलावर वीतभर उंचीची फुलं येतात. खळग्यांतल्या पाण्याकाठी सीतेची निळी-जांभळी आसवं, उताराला सोनकी, मध्ये तेरडा. धुकं येतं, सगळं पुसून टाकतं, जातं, आणि पुन्हा सगळं जागच्या जागी. बघायला माणूस एक नाही. बघणारे सगळे गेलेले असतात.

त्या फुलांत टिचक्या राहतो.

टिचक्या म्हणजे रातकिड्याचा भाऊबंद, पण गातो दिवसा, उन्हं कलली की. बोटाच्या दोन पेरांएवढा, शेवाळी रंगाचा, पाठीवर खोगीर घातल्यासारखा उंचवटा. त्या खोगिराखाली दोन इवलेसे पंख. ते उडायच्या कामाचे नाहीत. तो उडतच नाही. ते एकमेकांवर घासून तो गातो, तेवढ्यासाठीच ते ठेवलेत. चिर्र... टिक्. कॅरमच्या सोंगटीला टिचकी मारल्यासारखं. म्हणून टिचक्या.

मी सून होऊन या घरात आले तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. माहेर राजापुराकडचं, तिथे हा किडा नाही. तेव्हाच्या त्या मुलीला मी अजूनही 'ती' म्हणते. 'मी' म्हणायची लाज वाटते. कारण ती फार शहाणी होती. सातवी पास होती आणि ते तिने विहिरीवर सगळ्यांना सांगितलं होतं. घोव, म्हणजे तिचा नवरा, मुंबईला बंदरात क्रेनवर कामाला. गणपतीला पाच दिवस आला, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ट्रंक डोक्यावर घेऊन चालू लागला. ती वळणापर्यंत गेली नाही. लोक काय म्हणतील! ती विळा घेऊन गवत कापायला सड्यावर गेली आणि तिथे मनसोक्त रडली. आता वाटतं, वळणावरच रडली असती तर निदान त्याला दिसलं तरी असतं.

रडून झाल्यावर तिला ऐकू आलं. चिर्र... टिक्. परत, चिर्र... टिक्. रडणं संपलेल्या माणसाला काहीतरी उद्योग लागतो. तिने अंगठ्याचं नख विळ्याच्या पात्यावर मारलं: टक्.

आणि गवतातून एक टिचक्या बाहेर आला. थांबला. चिर्र... टिक्. तिने पुन्हा मारलं, टक्. तो चार पावलं पुढे. असं करत करत तो तिच्या लुगड्याच्या काठापर्यंत चालत आला आणि मिशा हलवत इकडे तिकडे बघू लागला. हाक तर इथूनच आली होती, मग बाई कुठाय?

नर गातो आणि मादी फक्त एकदा 'टक्' करते, तेवढ्यावर नर तिचा माग काढत चालत जातो, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिने ते आपलं आपण शोधून काढलं आणि लगेच त्याचा गैरवापर सुरू केला. दुपारचं गवत कापून झालं की ती एका दगडावर दरबार भरवायची. एक दिवस सहा जण आले. सहाही तिच्या पायाशी, एकमेकांकडे पाठ करून. ती एकटी सड्यावर हसत बसली.

सासूबाई भारा उचलू लागायला वर आल्या तेव्हा त्यांनी हे पाहिलं. सासूबाई कमी बोलायच्या, पण बोलल्या की टोपलीभर बोलायच्या.

"काय करतेस गो?"

"किडे बोलावतेय. बघा, हाक मारली की येतात."

"किड्यांना कसली हाका मारतेस खुळे? घोवाला मार. येत नाय तो तोच!"

तिने ते मनाला लावून घेतलं नाही. उलट पत्रात लिहिलं, 'काल सड्यावर माझ्याभोवती सहा जण जमले होते.' पंधरा दिवसांनी उत्तर आलं. बाकी मजकूर नेहमीचा, तब्येतीला जपा वगैरे. शेवटी एक ओळ जास्त दाबून लिहिलेली: 'सहा जण कोण कोण, ते कळवावे.'

ते पत्र मी ठेवलंय. माणूस गेला, अक्षर अजून संशय घेतं.

मादीचं उत्तर डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात यावं लागतं. जरा उशीर झाला की ते नराच्या लेखी उत्तरच नव्हे. तो आपला पुढचं गातो. हे मला आत्ता कळलं, सत्तरी उलटल्यावर. आमच्यात पंधरा दिवसांनी आलेलं उत्तरही चालायचं. चालायचं म्हणजे, चालवून घ्यायचो.

हे सांगितलं किड्यांचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने. ती यंदा श्रावणात आली. देशावरची, कोल्हापूरकडची, म्हणून मला 'आज्जी' म्हणते, 'ज' चांगला दाबून. पाठीवर बोचकं, पायात बूट, आणि फोनमध्ये टिचक्याचं चित्र. म्हणाली, "आज्जी, हा किडा कधी बघितलाय का?"

मी म्हटलं, "बघितलाय? सहा-सहा जणांना नादी लावलंय मी."

ती खाली बसली, वही काढली, आणि मला पहिल्यांदा कोणीतरी ती गोष्ट पुरती सांगू दिली. नखाचं, विळ्याचं, सगळं. लिहिता लिहिता तिने मला एक-एक सांगितलं. हा किडा आमच्या सड्यावर आणि आसपासच्या एक-दोन डोंगरांवर सोडून कुठे कोणाला दिसलेला नाही. उडता येत नाही म्हणून एका सड्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकत नाही. मादीच्या शेपटाला कोयतीसारखं वाकडं पातं असतं, ते मातीत खुपसून ती तांदळाएवढं एकेक अंडं ठेवते. अंडं आठ महिन्यांचं ऊन सोसतं, कधी कधी दोन-दोन वर्षं वाट बघतं. दिवाळीला गवत वाळलं की आई-बाप दोन्ही संपतात. पोरांना आई-बाप दिसतच नाहीत. आणि लग्नात नर मादीला जेलीसारखी पांढरी शिदोरी देतो, ती मादी खाते.

"केवढी शिदोरी?" मी विचारलं.

"त्याच्या अंगाच्या मानानं लई मोठी. दमून जातो बिचारा."

"आमच्याकडे मुंबईहून बिस्किटाचा एक पुडा यायचा," मी म्हटलं. "माणूस मात्र दमूनच यायचा."

पोर हसली. मग तिने विचारायचं ते विचारलं. "आज्जी, हल्ली ऐकू येतो का त्यांचा आवाज?"

मी म्हटलं, "संपले ते. बरीच वर्षं झाली. सडा मुका झाला."

हे मी तिलाच नाही, सगळ्यांना सांगत आले होते. माझ्या मुलालाही. सुधीर लोट्याला कंपनीत आहे, पाळी सांभाळून खेडला राहतो. मुंबईपेक्षा जवळ, म्हणून तितकाच कमी येतो. यंदा गणपतीत त्याने ठरवून टाकलं होतं. सड्यावरचा आमचा एक तुकडा अजून मोकळा आहे, तिथे आंब्याची कलमं लावायची. दसरा झाला की मशीनवाला येणार, कातळ फोडणार, खळग्यांतली माती ओढून खड्ड्यांत भरणार. जमीन ह्यांच्या मागे माझ्या नावावर आली, पण मी 'हो' म्हटलं होतं. वर काही उरलंच नाही म्हटल्यावर 'नाही' कशासाठी म्हणायचं?

आणि 'नाही' म्हणायचं तोंड मला कुठे होतं? सड्याच्या उगवतीकडची जुनी कलमं कोणी लावली? त्या शहाणीने. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घोव मे महिन्यात रजा घेऊन आला, कातळात सुरुंग लावून खड्डे केले आणि परत गेला. खड्डे भरायचे राहिले तिच्याकडे. सड्यावर माती कुठे असते? खळग्यांत आणि भेगांत, तीही वीतभर. ती खुरप्याने खरवडायची, टोपलीत घ्यायची, डोक्यावरून न्यायची आणि खड्ड्यात ओतायची. सगळे तसंच करतात, अजूनही. मातीत तिला तांदळाएवढे काळपट दाणे दिसायचे. कसलं तरी बी, असं तिला वाटलं. एक चिरडून पाहिला, आत ओलं होतं. 'बरं झालं, मातीत कस आहे,' म्हणाली. आणि ते सगळे दाणे तिने दोन हात खोल खड्ड्यांत पुरले, वर शेणखत घातलं, पाय देऊन दाबलं. कलमं तरारली. ती विहिरीवर सांगत सुटली, आमची कलमं बघा.

सगळी सातवी पास अक्कल तिने त्या खड्ड्यांत घातली. त्या बाजूला टिचक्या पुढच्या वर्षी कमी झाले, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. तिच्या लक्षात आलं नाही. नख मारलं की एखादा येत होता, तेवढं तिला पुरत होतं.

हे दाण्यांचं मी त्या मुलीला सांगितलं तेव्हा तिने वहीत काही लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "तुम्हाला कुठं माहीत होतं, आज्जी." देशावरची माणसं अशी चटकन माफ करून मोकळी होतात. मला ते जमत नाही.

गणपतीनंतर ती परत आली. मी म्हटलं, उगाच तंगडतोड. ती म्हणाली, "एकदा बघूया. नसतील तर येऊ दे मशीन."

पहिल्या दिवशी आम्ही कलमांच्या बाजूला गेलो. माझे गुडघे चढणीला शिव्या देत होते. तिच्याकडे काडेपेटीहून थोडी मोठी एक पेटी होती, तिला कानाला लावायची वायर. दाट सावली, खाली पाचोळा, फवारणीचा वास. पेटीत नुसती खरखर. मी विळा आणला होता, नख मारून पाहिलं. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस. तिसऱ्या दिवशी दुपारी धुकं उचललं आणि आम्ही मोकळ्या तुकड्यावर गेलो.

मी दगडावर बसले. फुलं होती, वारा होता, आवाज नव्हता. मी म्हटलं, "बघ. सांगितलं नव्हतं?"

ती माझ्याकडे बघत होती. चमत्कारिक बघत होती. म्हणाली, "आज्जी, एक विचारू? राग मानू नका. घरात मोबाईल वाजलेला कळतो का तुम्हाला?"

"कळतो की. थरथरतो तेव्हा."

"आणि पाखरांची बारीक शीळ?"

तिने वायर स्वतःच्या कानातून काढली आणि माझ्या कानात बसवली, अगदी हलक्या हाताने, लहान पोरीला डूल घालावं तसं.

चिर्र... टिक्.

जाड, घोगरा झालेला, पण तोच. ती म्हणाली, वय वाढलं की बारीक आवाज आधी जातात, माणसाला कळतही नाही. ही पेटी त्यांना जाड करते. ती पुढे बरंच बोलत होती. मी ऐकत नव्हते. मी ऐकत होते ते दुसरंच.

सडा मुका झाला नव्हता. मी बहिरी झाले होते. बरीच वर्षं दर भादव्यात मी याच दगडावर येऊन बसले होते, आपल्याला कोणी उरलं नाही म्हणून उसासे टाकले होते, आणि ते माझ्या पायाशी गात होते. ती शहाणी सातवी पास होती, पण ही म्हातारी तिच्या वरताण निघाली. तिने निदान न बघता पुरलं. हिने न ऐकताच 'संपले' म्हणून दवंडी पिटली, आणि मशीन बोलावलं.

"एकच नर दिसतोय," मुलगी कुजबुजली. "मादी असेल तरच उपयोग."

चिर्र... टिक्.

माझा अंगठा आपोआप विळ्यावर गेला. पन्नास वर्षांची सवय. एक टक् केलं असतं तर तो आला असता, चालत, मिशा हलवत, माझ्या लुगड्यापर्यंत. मला इतकं हवंसं वाटलं ते. कोणीतरी यावं. गेले पंधरा दिवस त्या पायरीकडे बघून मी दुसरं काय मागत होते?

आणि तेव्हाच मला उमगलं की त्या दरबारात आलेले सहा जण कुठल्या तरी सहाजणींकडे निघाले होते. वाटेत मी नख मारलं. कोणी खरी तिथेच कुठे गवतात 'टक्' करून थांबली असेल, आणि तिचा नर माझ्याकडे येऊन माझा पदर हुंगत बसला असेल. दिवाळीपर्यंत तर आयुष्य त्यांचं. किती दुपारी मी खाल्ल्या त्यांच्या, हसत हसत.

मी अंगठा उचलला आणि मुठीत धरला. विळा दगडाखाली ठेवला.

चिर्र... टिक्.

काही नाही.

चिर्र... टिक्. धुक्याची एक पट्टी आली, गेली. मुलीने श्वास धरलेला मला दिसत होता.

चिर्र... टिक्—टक्.

डावीकडून. तेरड्यातून. विळ्यापेक्षा कितीतरी हलकं, आणि पापणी लवायच्या आत.

मुलीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. तिचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "रडतेस कशाला गो? त्याला उत्तर मिळालं, तुला नाही."

आमच्याकडे फोनला चांगली रेंज सड्यावरच मिळते. तिथूनच सुधीरला लावला. तो पाळीवर होता, मागे यंत्रांची घरघर.

"आई, काय गं? बरी आहेस ना?"

"मशीनवाल्याला नको म्हणून सांग."

"का? काय झालं?"

"वर माणसं राहतात."

"कोण माणसं?"

अगदी बापावर गेलाय. 'कोण कोण, ते कळवावे.' मी म्हटलं, "सांगते. बापाने तुझ्या विचारलं होतं तेव्हा मी नीट सांगितलं नव्हतं." आणि सांगितलं. दाण्यांचं, कानांचं, सगळं. शेवटी तो म्हणाला, "तूच म्हणायचीस ना, काही उरलं नाही म्हणून?"

"मी चुकले," मी म्हटलं. हे शब्द त्याने माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले असतील. मग म्हणाला, "बरं. सांगतो त्याला."

"दिवाळीच्या आधी ये एकदा. तुला ऐकवते. नंतर ते नसतात."

घरघर. घरघर. मग, "बघतो."

'बघतो' हे आमच्या घराण्यातल्या पुरुषांचं गाणं. त्याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

मुलगी चार दिवसांनी गेली, पेटी घेऊन. पुढच्या भादव्यात येते म्हणाली. ती गेली त्या दिवशी मी वळणापर्यंत गेले, या वेळी गेले, आणि तिला दिसेल असे हात हलवले.

मशीन येणार नाही. विळा खुंटीवर आहे, गवताला नेते, बाकी काही त्याच्याकडून करून घेत नाही. उन्हं कलली की वर जाते. पेटीशिवाय मला काही ऐकू येत नाही. सडा पूर्वीसारखाच मुका. भोवती सगळ्यांचं बोलणं चाललेलं आहे, विचारणं आणि उत्तर देणं, आणि त्यात माझ्याशी कोणी बोलत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. ते ठाऊक असणं आणि न ऐकू येणं यात किती फरक आहे, हे मला सांगता यायचं नाही. पण आहे.

दगडावर बसण्याआधी पदराने तो झटकायची माझी जुनी सवय होती. हल्ली झटकत नाही. आधी वाकते, गुडघ्यांवर हात ठेवून नीट बघते, कोणी आधीच येऊन बसलंय का. आणि मग शेजारी बसते.